सिस्कोच्या पोटातलं पाणी

रेडिओवरची हवामानवाली बाई अगदी आनंदाची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाली, की उत्तरेकडून थंडी येतेय आणि आज रात्री सावो प्रांतात पारा शून्याखाली दहा-बारा अंशांपर्यंत उतरेल. हिल्का लापशी ढवळत होती. तिनं रेडिओकडे असं रोखून पाहिलं, जणू ती थंडी त्या बाईनंच धाडली होती.

ऑक्टोबर अजून सरला नव्हता. एरवी अर्धा नोव्हेंबर उलटल्याशिवाय फिनलंडमधल्या साइमा सरोवराच्या या कोपऱ्यात एवढी थंडी पडत नसे. आणि यंदाच नेमकी त्यांची बोट, सिस्को, अजून पाण्यात होती.

खिडकीशी खुर्ची ओढून तिचा नवरा औलिस बसला होता. नजर धक्क्याकडे. बर्चच्या उघड्या फांद्यांमधून सिस्कोचा हिरवा काठ आणि मधोमध इंजिनावरची लाकडी पेटी दिसत होती. रेडिओवरचं त्यानं ऐकलं होतं. ते त्याच्या डाव्या हातावरून कळत होतं. तो हात गुडघ्यावर एकसारखा आपटत होता.

"ऐकलं मी, ऐकलं," हिल्का म्हणाली. "आधी लापशी खा."

औलिसनं जन्मभर सरोवराच्या चिंचोळ्या पट्ट्यावरची फेरीबोट चालवली. पूल झाला, फेरीबोट बंद पडली, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात त्यानं कुणाच्या तरी गोठ्यामागे कुजत पडलेली ही लाकडी बोट घरी आणली. फळ्या बदलल्या, डांबर दिलं, दोन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन पोटात बसवलं. गावातली माणसं म्हणायला लागली, औलिसनं दुसरा संसार थाटला. बोलून बोलून त्यांनी इतका वैताग आणला, की एक दिवस त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा घेतला आणि बोटीच्या कडेला मोठ्या अक्षरांत 'सिस्को' लिहून टाकलं. म्हणजे बहीण. आता बोला म्हणावं.

लोक बोलायचे थांबले. पण दर शरदात एक अख्खा दिवस तो त्या बहिणीच्या पोटात डोकं घालून बसायचा, तेव्हा हिल्काला थोडं लागायचंच. ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. दोनशे पोरांचं जेवण रांधून ती घरी यायची, कॉफी घेऊन धक्क्यावर जायची आणि विचारायची, काय करतोयस? तो म्हणायचा, "पाणी काढतोय." बस. त्यापलीकडे एक अक्षर नाही. काय केलं, कसं केलं, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. सगळं त्याच्या हातांतच होतं.

आणि मग ऐन उन्हाळ्यात, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं रचता रचता तो खाली बसला तो उठलाच नाही. पक्षाघात. जीव वाचला. उजवा पाय ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर ठेवलेला राहायचा. आणि शब्द गेले. समजत सगळं होतं, पण तोंडातून भलतंच निघायचं. 'हो'च्या जागी 'नाही' यायचं. बाकी कशाच्याही जागी यायची 'कॉफी'. चष्मा हवा, तरी कॉफी. खिडकी लाव, तरी कॉफी. शिव्या तेवढ्या शाबूत होत्या. पाद्री भेटायला आले आणि त्यांनी हात हातात घेऊन विचारलं, "कसं वाटतंय, औलिस?" तेव्हा औलिसनं कितीतरी वेळ जबड्याशी झटापट केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पेर्केले!" हिल्काला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाद्री मात्र शांतपणे म्हणाले, "उच्चार अगदी स्वच्छ आहे."

लापशी झाल्यावर हिल्कानं शेजारच्या उर्पोला फोन लावला. सिस्कोला ट्रॅक्टरनं ओढून बाहेर काढायचं आणि इंजिनाचंही बघायचं, असं त्यानं कबूल केलं होतं. पण सध्या गावातले यच्चयावत पुरुष एल्क हरणांच्या शिकारीला जंगलात होते.

"हळू," पलीकडून उर्पो कुजबुजला. "मी जागा धरून बसलोय."

"मी घरातून बोलतेय, उर्पो. माझं बोलणं एल्कला ऐकू जाणार नाही."

"तुझा आवाज माझ्या खिशातून पार ओढ्यापलीकडे जातोय. काय झालं?"

"रात्री थंडी आहे म्हणे. शून्याखाली बारापर्यंत. सिस्कोचं काय करू?"

उर्पो आणखी हळू आवाजात म्हणाला, "अरे देवा. इंजिनात सरोवराचं पाणी असतं ना. गोठलं की फुगतं. ब्लॉकला तडा गेला की संपलं मग, त्याला इलाज नाही. आजच्या आज पाणी काढायला हवं."

"मग ये."

"हिल्का, मी तीन तासांच्या वाटेवर आहे. चौघांच्या गाडीत आलोय. गाडी हलणार ती परवा."

"मग मी काय करू?"

"औलिस आहे की घरात."

"औलिस आहे," ती म्हणाली. "पण तो कॉफी सोडून काही बोलतोय का?"

तेवढ्यात पलीकडे काहीतरी खसपसलं, उर्पोनं श्वास रोखला आणि फोन बंद झाला. ती खसपस एल्कची होती की उर्पो तिच्या प्रश्नाला बगल देत होता, ते तिला कधीच कळलं नाही.

मग तिनं मुलाला फोन केला. युर्की ताम्पेरेत राहायचा आणि इमारतींच्या लिफ्टचं काम बघायचा. हिल्काचे हात पिठात होते म्हणून फोन ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवलेला.

"आई, फुटलं तर फुटू दे," युर्की म्हणाला. "त्या बोटीचं आता करायचंय काय? बाबा काही पुन्हा चालवणार नाहीत. तू उगाच त्या निसरड्या धक्क्यावर जाऊन पडू नकोस. वसंतात मी येतो, विकून टाकू. नाहीतर मोडीत देऊ."

खिडकीशी खुर्ची करकरली. औलिसनं मान वळवली होती. तोंड हललं, हललं, आणि पाद्रींना दिलेलंच उत्तर मुलालाही मिळालं.

"बाबा ऐकतायत?" युर्कीनं चाचरत विचारलं.

"ऐकतायत," हिल्का म्हणाली. "आणि बोललेही."

तिनं हात धुतले. कणिक झाकून ठेवली. मग औलिससमोर उभी राहिली. त्याचे डोळे भरले होते. आजारानंतर त्याचे डोळे कशानंही भरायचे, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. पण हे तसलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं तिला समजत होतं.

"मला काही येत नाही त्यातलं," ती म्हणाली. "तुला येतं, पण सांगता येत नाही. चांगली जोडी आहे आपली. चल, बूट घाल."

बूट घालायलाच बराच वेळ गेला. बाहेर ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. पाणी काळंशार आणि निवांत पडलं होतं. हिल्कानं धक्क्यावर खुर्ची मांडली, औलिसला बसवलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली. गोदामातून तिला जे जे त्याच्या हातात दरवर्षी दिसायचं ते सगळं तिनं आणून ठेवलं: ऑइलचा डबा, हातपंप, पान्यांची पेटी, बादली आणि न गोठणाऱ्या हिरव्या कूलंटचे दोन मोठे कॅन. शेजारी कॉफीची किटली आणि टोपलीत करंजीसारखे भात भरलेले कालचे पीराक्का.

"आता?" तिनं विचारलं.

औलिसनं बोट दाखवलं. इंजिनाकडे. मग हात छातीवर ठेवून चोळला, जोरजोरात, थंडीत चोळतात तसा.

"थंडी वाजतेय?"

"हो," तो म्हणाला आणि रागानं मान हलवली. म्हणजे नाही. त्यानं पुन्हा इंजिन दाखवलं, पुन्हा छाती चोळली.

"इंजिनाला ऊब? तापवायचं?"

"नाही!" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला.

हिल्का बोटीत उतरली. चावी फिरवून इंजिन सुरू करायचं एवढं तिला ठाऊक होतं. सिस्को खोकली, धूर सोडला आणि तिच्या त्या ओळखीच्या ठेक्यात टकटकायला लागली. हिल्का वर पाहते तर औलिस खुर्चीत नव्हता. तो धक्क्याच्या काठावर बसला होता, पाय खाली सोडून, आणि डाव्या हातानं बोटीचा काठ ओढत होता.

"औलिस! वेड लागलंय का? पडशील!"

तो घसरलाच. तिनं त्याचा पट्टा पकडला, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आदळलं, बोट एका अंगाला कलली, आणि दोघं एकमेकांवर धडपडत तळातल्या फळ्यांवर बसले. मग औलिसनं उठायची काही एक खटपट न करता शांतपणे दोरीकडे बोट दाखवलं. दोरी सोड.

"मी?" हिल्का म्हणाली. "मी नाही चालवणार. मी उभ्या जन्मात कधी चालवली नाही."

खरंच नव्हती चालवली. एवढ्या उन्हाळ्यांत ती सगळीकडे गेली होती सिस्कोतून, बेरी वेचायला, चर्चला, मेव्हण्याच्या बेटावर, पण कायम पुढच्या टोकाला, नाळेकडच्या फळीवर, पाठ वाऱ्याला देऊन, हातात मोजे विणत. मागे काय चालतं ते बघायची तिला कधी गरज पडली नव्हती.

औलिसनं तिचा हात धरला आणि सुकाणूच्या दांड्यावर ठेवला. वर आपला डावा पंजा दाबला. तो पंजा अजून जड आणि गरम होता.

सिस्को धक्क्यापासून सुटली. हिल्कानं दांडा उजवीकडे ओढला तर बोट डावीकडे वळली. ती किंचाळली. औलिस हसला. आजारानंतर त्याचं हसू एकाच गालावर उमटायचं, पण ते हसूच होतं.

"हसू नकोस. स्वयंपाकघरात तुला उभं केलं असतं ना, सूप जाळलं असतंस तू."

बेटाच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, एवढंच तिनं ठरवलं. वाटेत लव्हाळ्यातून बदकं उठली. किनाऱ्यावरच्या उन्हाळी घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. सगळ्या सरोवरावर फक्त ते दोघं होते. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की दांडा ओढायचा नसतो, नुसता सांगितल्यासारखा हलवायचा असतो. औलिस इंजिनाच्या पेटीला कान लावून बसला होता, डोळे मिटून. मध्येच तो बोट वर करायचा, ती रेस वाढवायची. बोट खाली, की कमी. नकळत त्यांचं असं बोलणं सुरू झालं आणि किती तरी महिन्यांत पहिल्यांदा दोघांपैकी कुणालाही शब्द शोधावा लागला नाही.

परतताना तिनं सिस्कोला धक्क्यावर चांगलीच धडकवली. टोपली उलटली आणि एक पीराक्का पाण्यात गेला. औलिसनं काय म्हटलं ते पाद्रींना नक्की समजलं असतं.

गरम इंजिनातलं ऑइल पातळ झालं होतं. ते हातपंपानं ओढून काढणं तिला सोपं गेलं. शाळेत मोठमोठ्या कढयांतून तेल उपसायची तिला सवय होती. काळं ऑइल डब्यात गेलं, नवं मधासारखं ऑइल आत ओतलं. तळातून सरोवराचं पाणी आत घेणाऱ्या झडपेचा दांडा औलिसनं दाखवला, तो तिनं आडवा करून बंद केला. आता इंजिनात जे पाणी उरलं होतं, तेवढंच काढायचं होतं. ब्लॉकच्या खालच्या अंगाला पितळेची छोटी तोटी होती. त्यानं बोट दाखवलं. तिनं पोटावर पालथं पडून तिच्यापर्यंत हात नेला, खाली बादली धरली आणि तोटी उघडली.

चमचाभर पाणी आलं. मग काही थेंब. मग तेही नाही.

"झालं!" हिल्का उठून बसली. "एवढ्यासाठी तू दिवसभर बसायचास?"

औलिस तिच्याकडे बघत होता. "कॉफी," तो म्हणाला.

"देते. कमावलीसच आज."

तिनं कप भरून त्याच्या हातात दिला. त्यानं तो तसाच बाजूला ठेवला. "कॉफी!"

"अरे, तीच तर दिली."

"कॉफी, कॉफी!" त्यानं तोटीकडे बोट दाखवलं, बादलीकडे दाखवलं, मग बोट हवेत पुढेमागे खुपसल्यासारखं केलं. तिनं साखर टाकली. त्यानं कप असा ढकलला की अर्धी कॉफी तिच्या मांडीवर सांडली.

गरम नव्हती फारशी. पण हिल्काचा बांध फुटला.

"मी काय मनकवडी आहे का रे?" ती ओरडली. पाण्यावरून तिचाच आवाज पलीकडच्या किनाऱ्याला जाऊन परत आला. "इतकी वर्षं तोंड धड होतं तेव्हा एक शब्द सांगितला नाहीस! पाणी काढतोय, म्हणे. किती वेळा येऊन बसले मी इथं, किती वेळा विचारलं! आणि आता सगळं मी ओळखायचं? सकाळपासून रात्रीपर्यंत ओळखायचं? मला नाही येत! मी थकलेय, औलिस."

ती पेटीवर बसली आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. हॉस्पिटलात ती रडली नव्हती. घरी आणलं त्या दिवशीही नाही.

वाणी सुधारायला येणारी बाई हिल्काला दर खेपेला सांगायची, घाई करू नका, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. आज तो तिच्यासाठी थांबला. रडणं ओसरेपर्यंत तिच्या पाठीवर त्याचा डावा हात होता. थोपटत नव्हता, नुसता ठेवलेला.

मग त्यानं धक्क्यावरची किटली ओढून घेतली. गावात अजून ते दोघं आणि आणखी दोन-तीन म्हातारी माणसंच तसली कॉफी करत, पावडर पाण्यात उकळून, खाली बसू देऊन. त्यानं किटलीतली उरलेली कॉफी सरळ सरोवरात ओतून दिली. हिल्का डोळे पुसत बघत राहिली. त्यानं झाकण काढलं आणि किटलीचा तळ तिच्या नाकासमोर धरला. तळाशी काळा, ओला गाळ बसला होता. त्यानं गाळाला बोट लावलं. तेच काळं बोट त्यानं इंजिनाच्या तोटीवर टेकवलं.

"कॉफी," तो अगदी हळू म्हणाला.

हिल्कानं किटलीकडे पाहिलं. तोटीकडे पाहिलं. बादलीकडे पाहिलं, जिच्या तळाशी जेमतेम चमचाभर पाणी होतं. एवढ्या मोठ्या भांड्यातून चमचाभर? शाळेत सुपाच्या कढईची तोटी अशी थेंबावर आली, की तिला काय समजायचं? कढई रिकामी झाली, असं तिला एकदा तरी वाटलं होतं का?

"गाळ," ती म्हणाली. "औलिस, भोक गाळानं बुजलंय! पाणी आतच आहे!"

"नाही, नाही, नाही!" औलिस म्हणाला आणि डाव्या हातानं मांडीवर थापा मारायला लागला.

ती पुन्हा पालथी पडली. एप्रनच्या खिशात मोजे विणायच्या पोलादी सुया होत्या. त्यातली एक तिनं तोटीच्या तोंडात घातली. अडली. तिनं फिरवली, खुपसली, पुन्हा फिरवली. आत काहीतरी कुरकुरलं, गंजाचा लाल-काळा लगदा सुईबरोबर बाहेर आला, आणि त्याच्या मागोमाग एवढ्या जोरानं पाणी सुटलं, की बादली सरकवायला तिला वेळच मिळाला नाही. बाही कोपरापर्यंत भिजली. गंजकं पाणी तिच्या गळ्यात गेलं, कानात गेलं. बादली भरत आली तरी धार चालूच.

"बघ! बघ किती होतं! हे सगळं रात्री गोठलं असतं!" ती तशीच पालथी पडून ओरडत होती आणि हसत होती. औलिसही हसत होता, त्या एका गालानं, आणि डोळे पुसत होता.

धार थांबल्यावर तिनं सुई पुन्हा घालून पाहिली. आता आत काही नव्हतं. तोटी बंद केली. औलिसच्या बोटामागून जात तिनं पाणी आत घेणारी नळी सोडवली आणि तिचं टोक कूलंट भरलेल्या बादलीत बुडवलं. हे इंजिनानं पिऊन घ्यायचं, म्हणजे कानाकोपऱ्यात जे पाणी राहिलं असेल ते गोठणार नाही. पण इंजिन चालू करून बादलीवर आणि रेसवर लक्ष ठेवायचं असतं, आणि त्याच वेळी मागच्या नळीतून हिरवं पडायला लागलं का, हेही बघायचं असतं.

"हे तू एकटा कसं करायचास?" तिनं विचारलं.

औलिसनं एक हात इंजिनाकडे आणि मान मागे अशी वेडीवाकडी करून दाखवली. त्या तोंडाकडे बघून तिला पुन्हा हसू फुटलं.

तिनं त्याला मागच्या फळीवर बसवलं, अंगावर घोंगडी लपेटली. "हिरवं दिसलं की हात वर कर. हो-नाही काही बोलू नकोस, तुझ्या हो-नाहीवर माझा भरवसा नाही."

इंजिन सुरू झालं. बादलीतलं कूलंट भराभर उतरायला लागलं. हिल्का एका कॅनमधून ओतत होती आणि मान वर करून त्याच्याकडे बघत होती. तो पाण्यावर वाकला होता, टोपी मागे सरकलेली, तोंड अर्धवट उघडं. असा तन्मय चेहरा तिनं दुरून, धक्क्यावरून, कितीदा पाहिला होता. इतक्या जवळून आजच पाहत होती. दुसरा कॅन निम्मा झाला. औलिसचा हात वर गेला, ताठ, वर्गात उत्तर आलेल्या पोरासारखा. तिनं इंजिन बंद केलं.

औलिसला बोटीतून वर घेणं हे इंजिनापेक्षा अवघड निघालं. शेवटी ती गुडघ्यांवर बसली आणि तो तिच्या पाठीला धरून धक्क्यावर चढला. दोघांच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. सौना तापवल्यावर तिनं त्याची बोटं एकेक करून ब्रशनं घासली, नखांतला काळा मळ काढला. उजव्या हाताचीही, जरी ती मळलीच नव्हती.

सकाळी खाडीवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता आणि धक्क्यावर राहून गेलेली पाण्याची बाटली उभी तडकली होती.

दोन दिवसांनी उर्पो ट्रॅक्टर घेऊन आला. सोबत एल्कच्या मांसाचा मोठा तुकडा, आणि चेहरा सुतकी. त्यानं पेटी उघडली, गुडघ्यांवर बसून तोटी उघडली, वाकून पाहिलं, बोटाला लागलेलं हिरवं हुंगलं.

"कुणी केलं हे?"

"आम्ही," हिल्का म्हणाली.

"भोक बुजलेलं नव्हतं? या इंजिनाचं कायम बुजतं म्हणे."

"बुजलं होतं. औलिसनं सांगितलं."

"सांगितलं?" उर्पोनं औलिसकडे पाहिलं. औलिस आभाळाकडे बघत होता. "बरं. म्हणजे सगळं व्यवस्थित आहे."

"तुझं तोंड असं का पडलंय मग?"

उर्पोनं टोपी काढली, पुन्हा घातली. "माझ्या बोटीतलं राहून गेलं. आज सकाळपर्यंत जंगलात होतो ना. ब्लॉकला एवढा तडा गेलाय, की बोट आत जातं."

हिल्कानं ओठ घट्ट मिटले. हसायचं नव्हतं, माणसाचं नुकसान झालं होतं. तिनं औलिसकडे पाहू नये म्हणून पायांकडे पाहिलं. पण मागून सहानुभूतीनं ओथंबलेला, अगदी स्वच्छ उच्चारातला एकच शब्द आला, आणि मग उर्पोसकट तिघंही हसले.

हिवाळा लांबला. औलिसचे शब्द एकेक करून परत यायला लागले, तेही आपल्या मर्जीनं. आधी लाकूड. मग मासा. मग वाणीच्या बाईचं नाव, ज्याचा हिल्काला थोडा राग आला. फेब्रुवारीत एका सकाळी तो तिला म्हणाला, "इल्का." ह राहून गेला होता, पण ती काही बोलली नाही. दिवसभर तिनं त्याला पाच-सहा वेळा हाक मारायला लावली, कधी मीठ दे म्हणून, कधी उगाच.

मेमध्ये बर्फ गेला. युर्की ताम्पेरेहून आला. विकण्याबद्दल काही बोलायचं त्यानं वाटेतच ठरवलं असावं, पण अंगणात शिरताना त्याला सिस्को पाण्यात दिसली आणि धक्क्यावर आई, हात कोपरापर्यंत काळे, इंजिनाला काहीतरी दरडावत असलेली. तो बॅग तिथंच ठेवून खाली आला. त्यानं बापाला दोन्ही काखांत धरून अलगद बोटीत उतरवलं आणि सवयीनं मागे जाऊन सुकाणूच्या दांड्याशी बसला.

औलिसनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"काय, बाबा?"

औलिसनं तोंड उघडलं. दोघं थांबले. कुणी त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

"इल्का," औलिस म्हणाला, आणि त्या जागेकडे बोट दाखवलं.

युर्की एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत उठला आणि नाळेकडच्या फळीवर जाऊन बसला, पाठ वाऱ्याला देऊन. हिल्कानं एप्रनला हात पुसले, दांड्याशी बसली आणि चावी फिरवली.

"दोरी सोड रे," ती मुलाला म्हणाली. "आणि घट्ट धर. मला अजून धक्क्यापासून नीट निघता येत नाही."